आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यास : काय असतो, कोणी करावा



उसाची नोंद द्यायला किंवा बिलाची चौकशी करायला गट कार्यालयात आलेले पालक काम झाल्यावर जरा रेंगाळतात आणि मुलांच्या शिक्षणाचा विषय काढतात, हा आम्हां शेती खात्यातील लोकांचा नेहमीचा अनुभव आहे. पूर्वी विचारणा असे ती कृषी पदविका, आय.टी.आय. आणि डी.एड. यांची. अलीकडे त्यात एक नवे नाव ऐकू येऊ लागले आहे, ते म्हणजे आपत्ती व्यवस्थापन. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर आपल्या नदीकाठाने अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने पाहिले. त्या वेळी बोटी घेऊन आलेले नारंगी गणवेशातले जवान आपल्या मुलामुलींनी जवळून पाहिले. तेव्हा ही ओढ लागणे स्वाभाविक आहे. पण, "हे विद्यापीठात शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? पवायला?" असे एका सभासदांनी आम्हांला विचारले, आणि चारचौघे हसले तरी प्रश्न अगदी रास्त होता. सबब या अंकात उसाच्या मशागतीऐवजी या विषयाची माहिती देत आहोत.

पोहणे, दोर टाकणे, बोट चालवणे हे जवानांचे शिक्षण. ते फार मोलाचे आहे आणि ते त्यांच्या दलात मिळते. विद्यापीठात शिकवतात ते पाणी यायच्या आधी काय करावयाचे आणि पाणी ओसरल्यावर काय करावयाचे, हे. मधल्या चार दिवसांत हुकूम कोणी द्यायचा व कोणी ऐकायचा, हाही त्यातलाच एक मोठा धडा.

हा विषय आला कुठून

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडा देशातील हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर झाली. त्यांतील एकात दारूगोळा भरलेला होता. जहाजाने पेट घेतला, आणि जाळ बघायला लोक किनाऱ्यावर आणि घरांच्या खिडक्यांपाशी जमले. स्फोट झाला तेव्हा सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली. काचा डोळ्यांत जाऊन कितीजण आंधळे झाले. तेथील सॅम्युएल प्रिन्स या पाद्र्यांनी मदतकार्य जवळून पाहिले होते. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला व तो १९२० साली प्रसिद्ध झाला. संकटात समाज कसा वागतो याचा हा पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो. नंतर १९६३ साली अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात या कामासाठी स्वतंत्र संशोधन केंद्रच निघाले (ते १९८५ साली डेलावेअर विद्यापीठात गेले), आणि १९८३ साली नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने आणीबाणी व्यवस्थापनाची पदवी सुरू केली.

या केंद्रातील मंडळींनी भूकंप, पूर, वादळे झालेल्या गावी जाऊन लोकांना विचारून विचारून जे शोधले ते आपल्या समजुतीच्या उलट आहे. संकट आले की माणसे बेभान होतात, चेंगराचेंगरी होते, लूटमार होते, असे आपण धरून चालतो. सिनेमात तसेच दाखवतात. प्रत्यक्षात असे फार क्वचित घडते, असे त्यांना आढळले. बहुतेक माणसे शुद्धीवर राहून आधी घरच्यांना, मग शेजाऱ्यांना शोधतात. ढिगाऱ्याखालून किंवा पाण्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढलेले असते. सरकारी पथक नंतर पोचते, कारण त्याला वाट चालून यावे लागते. तेव्हा पहिले काही तास गाव स्वतःच्याच हिमतीवर असते. ही गोष्ट एकदा नीट समजली की तयारी कोणाची करायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या देशातही हा विचार अगदीच नवा आहे असे समजू नये. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८८३ साली दुष्काळ संहिता तयार झाली. पीक बुडाल्याची लक्षणे कोणती, कामे कधी काढायची, मजुरी किती द्यायची हे त्यात लिहिलेले होते. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवतच असेल. खडी फोडली, नालाबांध घातले, सुकडी खाल्ली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पीक नव्हते, पण हाताला काम आणि गाठीला चार पैसे होते, म्हणून एवढ्या मोठ्या दुष्काळात उपासमारीने मोठी प्राणहानी झाली नाही. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. जगातील विद्यापीठांत महाराष्ट्राचा हा दुष्काळ आजही उदाहरण म्हणून अभ्यासला जातो. खडी फोडणाऱ्या आपल्या आयाबहिणींना याची कल्पना नसेल.

मळीच्या टाकीची गोष्ट

आपण साखर कारखान्याचे सभासद, तेव्हा एक उदाहरण खास आपल्यासाठी. १५ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मळीची टाकी फुटली. सुमारे ५० फूट उंच टाकी, आत २३ लाख गॅलन मळी. माणसाला पळायलाही सवड मिळाली नाही. मळी पाण्यापेक्षा जड, त्यामुळे लाट आली तीच मुळी घरे पाडीत आली. २१ माणसे दगावली, दीडशे जखमी झाली. घोडे तर किती अडकून मेले.

चौकशीत काय निघाले? टाकी घाईने बांधलेली. बांधकामावर देखरेख करणारा माणूस इंजिनिअर नव्हता. त्याला नकाशासुद्धा वाचता येत नव्हता. बांधून झाल्यावर टाकी पाण्याने पूर्ण भरून बघायची असते, ते केलेच नाही. टाकी पहिल्यापासून झिरपत होती. आसपासची पोरे डबे घेऊन गळणारी मळी गोळा करायची. यावर मालकांनी उपाय केला तो असा, की टाकीला मळीच्याच रंगाचा तपकिरी रंग दिला, म्हणजे गळती दिसायला नको!

आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट हसण्यासाठी सांगत नाहीत. गळती हा इशारा होता. तो सगळ्यांना दिसत होता आणि तो कोणाकडे द्यायचा याची व्यवस्था नव्हती. मोठ्या अपघाताच्या आधी अशा लहान खुणा होत असतात. विद्यार्थ्याला शिकवतात ते या खुणा लिहून ठेवायला आणि वरपर्यंत पोचवायला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला विषारी वायू पसरला, तेव्हाही हाच प्रकार होता. आधीचे लहान अपघात झालेले होते. आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने चला, तोंडाला ओले फडके लावा, एवढी साधी सूचनाही भोवतालच्या वस्तीला कोणी दिलेली नव्हती. आज आपल्याकडील कितीतरी कारखान्यांना आसवनी, इथेनॉल आणि मोठाल्या टाक्या जोडलेल्या आहेत. टाकीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसाला भोंग्याचा अर्थ ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे, असे आमचे मत आहे.

धोका वेगळा, आपत्ती वेगळी

या अभ्यासाचा पाया एका फरकावर उभा आहे. भूकंप, पूर, वादळ हे धोके. ते निसर्गाचे. पण धोक्याची आपत्ती होते ती माणसाने काय बांधले, कुठे बांधले आणि कोण तिथे राहते यावरून.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर. जगात अशा तीव्रतेचे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात आणि पुष्कळ ठिकाणी भिंतीला तडा जाण्यापलीकडे काही होत नाही. लातूर-धाराशिव भागात आठ ते दहा हजार माणसे गेली. कारण घरे. दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंदीच्या गोल दगडांच्या भिंती, दगड बसवायला नुसती माती, आणि वर माळवद. माळवदावर पावसाळ्यापूर्वी दरसाल मातीचा थर चढवायचा. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत होती, आणि गारव्यापुरती ती शहाणपणाचीच होती. पण हादरा बसताच भिंत आत-बाहेर फुटली आणि वरचा सगळा बोजा अंगावर आला. त्याच गावात लाकडी खांबांवर छत तोललेल्या घरांतली काही माणसे वाचली, कारण भिंत पडली तरी छत खाली आले नाही.

मग पुढचा प्रश्न येतो पुनर्वसनाचा, आणि हा भाग आम्हांला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. किल्लारी परिसरातील पुष्कळ गावे नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, एकसारखी घरे, शहरातल्या वसाहतीसारखी आखणी. घरे मजबूत झाली यात शंका नाही. पण शेतकऱ्याला दावणीला, कडब्याला, अवजारांना जागा लागते; भावकी शेजारी लागते; रान जवळ लागते. हे कागदावर आखताना सुटले, अशी तक्रार नंतर झाली. घर बांधून देणे आणि माणूस पुन्हा उभा करणे यांत केवढे अंतर आहे, ते विद्यार्थ्यांना गावात राहून, माणसांशी बोलून शिकावे लागते. चांगल्या संस्थांत म्हणूनच क्षेत्रकार्यावर भर असतो.

कोण जास्त सापडतो, हेही शिकवतात. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याला पंचनाम्यात काय मिळते? खंडाने करणाऱ्याचा ऊस बुडाला तर भरपाई कोणाच्या नावे? नवरा वारल्यावर वारसनोंद न झालेल्या बाईचे काय? आणि आपल्या फडात दिवाळीनंतर येणारी तोडणी मजुरांची कुटुंबे, जी पाचटाच्या कोपीत चूल पेटवून राहतात, त्यांची नावे गावच्या कोणत्या यादीत असतात? कोपीला आग लागली किंवा अवकाळीत ओढ्याला पाणी आले, तर आत किती माणसे, किती लेकरे होती हे मुकादमाशिवाय कोणाला सांगता येत नाही. तोही त्या वेळी दुसऱ्या फडावर असतो.

थोडे गणित

आमच्या पदविकेला असताना आम्ही क्युसेक शिकलो, पण ते पाटाच्या पाण्यापुरते. महापुराच्या दिवसांत बातम्यांतून लाखांचे आकडे येतात आणि ऐकणारा नुसता घाबरतो. या अभ्यासक्रमात तो आकडा घरापर्यंत आणायला शिकवतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एक लाख क्युसेकने पाणी एक दिवस वाहिले तर ८.६४ टी.एम.सी. होते. कोयनेची साठवण १०५ टी.एम.सी. वारणेची ३४. हे आकडे मनात असले की धरणात किती जागा उरली आहे आणि वरून किती येत आहे, याचा अंदाज कोणालाही बांधता येतो.

दुसरे गणित जास्त महत्त्वाचे आहे. "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर" असे शब्द आपण ऐकतो आणि समजतो की एकदा येऊन गेला, आता नातवाच्या काळात. त्याचा खरा अर्थ, कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. असे हिशेबाने पाहिले तर तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे २६, म्हणजे चारात एक भरते. तीस वर्षे हा घर बांधण्यासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाचा उमेदीचा काळ. शिवाय जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेला "शंभर वर्षांचा" पूर आजच्या पावसात तसाच राहील ही खात्री उरलेली नाही. २००५, २०१९, २०२१. आकडे आपल्यासमोर आहेत.

सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ व ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले आणि राजाराम बंधाऱ्याला ५५ च्या वर. जुनी माणसे घराच्या भिंतीवर किंवा देवळाच्या पायरीवर पुराची खूण करीत. ती पद्धत उत्तम होती. विद्यापीठातील विद्यार्थी तेच काम नकाशावर करतात: पुलाला ५० फूट झाले की आपल्या गावात पाणी कोणत्या गल्लीत असते, कोणता रस्ता आधी तुटतो, कोणती विहीर, कोणती डी.पी. बुडते. ही माहिती वरच्या कचेरीत नसते. ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी असते. ती विचारून घेऊन कागदावर उतरवणे हीच परीक्षा.

हुकूम कोणाचा

सभासदांनो, उभ्या उसाला आग लागलेली आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. वीजतारांचे घर्षण असो, की पाचट पेटवताना उडालेली ठिणगी असो. दहाजण धावतात, दहाजण दहा दिशांना ओरडतात. एकजण मोटार चालू करायला पळतो तर दुसरा वीज तोडायला सांगतो. कोणी पट्टा तोडायला लागतो, तर शेजारचा "माझ्या उसातनं न्हाई" म्हणून अडवतो. तोवर वारा फिरतो. वाऱ्याची दिशा न बघता फडात शिरलेल्या माणसाला बाहेर यायला वाट राहत नाही.

१९७० साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मोठे वणवे पेटले. अनेक खात्यांची अग्निशमन दले आली. प्रत्येकाचा साहेब वेगळा, शब्द वेगळे, बिनतारी यंत्रे एकमेकांशी न जुळणारी. पुढे त्यावर विचार होऊन एक पद्धत बसवली गेली. घटनास्थळी प्रमुख एकच. प्रत्येक माणसाने एकाच वरिष्ठाचे ऐकायचे. एका माणसाने तीन ते सात माणसांपेक्षा जास्त हाताखाली घ्यायची नाहीत. वाढली की गट पाडायचे. सर्वांनी साधी, एकच भाषा बोलायची. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली याच धर्तीवर देशासाठी मार्गदर्शिका काढली.

यात आपल्याला नवीन काय? टोळीला मुकादम असतो, गाडीवानांना पाळी असते, गव्हाणीवर कोणाची गाडी आधी हे ठरलेले असते. गळीत हंगाम चालवणारा भाग ही शिस्त जाणतो. फक्त संकटाच्या वेळी मुकादम कोण, ते आधी ठरलेले नसते एवढेच. आणि ते ऐन वेळी ठरवायला गेले की गावचे राजकारण मध्ये येते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

म्हैस सोडून कुठे जाऊ?

इशारा देऊनही माणसे घर का सोडत नाहीत, यावर जगभर अभ्यास झाला आहे. कारणे सगळीकडे सारखी. माणूस इशारा ऐकला की लगेच उठत नाही. आधी शेजाऱ्याला विचारतो, भावाला फोन करतो, नदीवर जाऊन पाणी बघून येतो. मागच्या पुरात इथवर आले नव्हते, मग आताही येणार नाही, असे धरतो. बोलावणारा ओळखीचा नसेल तर विश्वास ठेवत नाही. आणि सर्वांत मोठे कारण जनावरे. २०१९ ला आपल्या भागात कितीतरी माणसे माडीवर बसून राहिली ती दावणीच्या जनावरांसाठी. "म्हस सोडून कुठं जाऊ? तिनं काय केलंय?" असे म्हणणाऱ्या माणसाला अडाणी म्हणून चालणार नाही. त्याच्या घराचा चरितार्थ त्या म्हशीवर आहे. म्हणून नव्या पद्धतीत शिकवतात की माणसे हलवायची असतील तर जनावरांची जागा, कडबा आणि पाणी आधी दाखवा. माणसे आपोआप निघतील. जनावरे पाणी येण्याच्या आदल्या दिवशी चालत जातात. पाणी आल्यावर त्यांना बोटीत घालता येत नाही.

उशिरा निघण्याची किंमत काय असते, ते पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळने ८ ऑगस्ट २०१९ रोजी भोगले. माणसांनी जादा भरलेली बोट उलटली आणि पंधराहून अधिक जण गेले. त्यात बायका आणि लेकरे होती. त्याबद्दल आम्ही अधिक लिहीत नाही. एवढेच, की अभ्यासक्रमात बोटीची क्षमता, जॅकेटची संख्या आणि आधी कोणी बसायचे हे धडे असतात, आणि ते कोरडे वाटले तरी कोणाच्या तरी जिवावर लिहिलेले असतात.

वेळेवर निघाले तर काय साधते, तेही पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, इशारा घरोघर पोचवण्याची साखळी घातली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन वादळ आले, तेही जबरदस्त होते. त्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली होती. मृत्यू शंभराच्या आत राहिले.

शिकायचे कुठे, आणि पोटापाण्याचे काय

२००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्या वर्षीच्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि आदल्या डिसेंबरात दक्षिणेत त्सुनामी येऊन गेली होती. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आली व दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेला कायद्याचा आधार मिळाला. शिक्षणाच्या वाटाही वाढल्या.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय असून तेथे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिथे प्रयत्न करू शकतो. मात्र प्रवेश स्पर्धेचा आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका घरबसल्या, शेती करीत पुरी करता येते. ज्याला आगीच्या कामात रस आहे त्याने नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची चौकशी करावी. १९५० च्या दशकापासूनची ही नामांकित संस्था आहे. पुण्याच्या यशदात अधिकारी, सरपंच यांच्यासाठी प्रशिक्षणे होतात. अटी व शुल्क बदलत असतात, तेव्हा संस्थेच्या त्या वर्षीच्या पत्रकाशिवाय कोणावर, आमच्यावरही, विसंबू नये. एजंटामार्फत तर मुळीच जाऊ नये.

नोकरीबद्दल स्पष्ट लिहितो. ही पदवी घेतली की सरकारी खुर्ची तयार आहे, असे समजून कोणी मुलाला पाठवू नये. जिल्हा पातळीवरच्या या कामाच्या जागा थोड्या आणि पुष्कळदा कंत्राटी असतात. स्वयंसेवी संस्था, मोठे कारखाने, विमा कंपन्या, महापालिका येथे वाव आहे, पण वणवण आहे. आमच्या मते या विषयाला जोडीला दुसरे एक पक्के कसब हवे: स्थापत्य, परिचर्या, पशुवैद्यक, कृषी, नाहीतर नकाशाशास्त्र. शेतीचा पदवीधर आपत्तीचा अभ्यास करील तर पूर ओसरल्यावर ऊस कसा वाचवायचा हेही त्याला ठाऊक असेल. शेंडा पाण्याखाली किती दिवस होता, पोंग्यात गाळ बसला का, कांडीवरचे डोळे फुटले का, हे बघून कोणता फड आधी तोडायचा आणि कोणता राखायचा, ते ठरवणे हेसुद्धा पुनर्वसनच आहे.

आमच्या गटातील एका सभासदांची मुलगी हा अभ्यास करते आहे. सुट्टीत आली तेव्हा तिने कार्यालयात येऊन नकाशा मागितला. उसाची नोंद गट नंबरवार आमच्याकडे असतेच. घरांची यादी ग्रामपंचायतीकडे असते, आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत राहतात. तिने दोन्ही एका ट्रेसिंग पेपरवर आणले आणि पुराची रेषा मारली. मग एकटी राहणारी म्हातारी माणसे, बाळंतिणी, अंथरुणावरचे आजारी यांच्या घरांवर लाल टिपके दिले. टिपके ४३ झाले. वडील म्हणाले, "एवढी मानसं आपल्या गावात हायत, ह्ये आमालाच म्हाईत नव्हतं." असे वडील मुलीला शिकवायला कचरणार नाहीत असे वाटते.

ज्यांना पदवीपर्यंत जायचे नाही त्यांच्यासाठी केंद्राची आपदा मित्र ही योजना २०१६ पासून निघाली. तीत गावातील स्वयंसेवकांना प्राथमिक प्रशिक्षण दिले जाते. त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी.

नदीकाठच्या गटांतील सभासदांनी मृग लागण्यापूर्वी पुढील माहिती आपल्या गट कार्यालयात लिहून द्यावी: दावणीला जनावरे किती, ती हलवायला उंचावरची जागा कोणाच्या रानात आहे व त्या मालकाची तोंडी संमती आहे का, ट्रॅक्टर-ट्रॉली देण्यास कोण तयार आहे, आणि घरात उचलून न्यावे लागेल असे माणूस आहे का. खोडव्याच्या नोंदीसाठी येताना दिली तरी चालेल. ऊस कमी असणाऱ्यांनी व बिगरसभासदांनीही द्यावी. चिटबॉयकडे कोरे कागद दिलेले आहेत.